बायपास झाली, पण डिसॅबिलिटी पेन्शन नाही

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, 2012 ला पेन्शनला आले. कुपवाड्याला असतानाच छातीत दुखलं, एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) स्टेंट टाकला. निवृत्त होताना मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व लिहिलं पण आजार नोकरीमुळे नाही म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. गेल्या वर्षी बायपास झाली, आता बंदरावर मासळीची टोपलीही उचलवत नाही. अपील कधी केलंच नाही. आता काही होईल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर: ताई, होऊ शकतं, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका प्लीज. फक्त एक लक्षात घ्या, ऑपरेशन झालं म्हणून ही पेन्शन मिळत नाही, आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला का ते बघतात, त्यामुळे तुम्हाला बायपासच्या फाइलपेक्षा तो जुना स्टेंटचा कागद जास्त कामाचा आहे.

2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त होता असंच धरायचं आणि नोकरीशी संबंध नाही हे सरकारने दाखवायचं, बोर्डाने नुसतं एका ओळीत नाही म्हणून चालत नाही, कारण लिहावं लागतं. हार्टच्या केसमध्ये तर त्रास सुरू व्हायच्या आधीच्या 14 दिवसांत काय ड्युटी होती तेही बघतात. तेव्हा कुपवाड्याला नाइट पेट्रोलिंग, थंडी, काय काय होतं ते त्यांच्याकडून आठवेल तसं आजच लिहून घ्या.

बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या त्या तपासणीची) कॉपी मागवा, नाही दिली तर माहिती अधिकारात. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत करतात. अपिलाची 6 महिन्यांची मुदत कधीच गेली, पण उशीर माफ करा असा अर्ज जोडून सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई बेंचकडे जाता येतं.

पैशाचं म्हणाल तर किमान 20 टक्के अपंगत्व लागतं, ते तुमच्याकडे आहे. हक्क मान्य झाला की 30 चे राउंड करून 50 धरतात, पूर्ण नोकरी करून आलेल्यांनाही, हे सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालाने पक्कं झालं. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 50 ला 15, तेही नेहमीच्या पेन्शनवर जादा. थकबाकी मात्र बहुतेक वेळा केस टाकल्याच्या आधीची तीनच वर्षं देतात, म्हणजे आता जेवढे महिने थांबाल तेवढ्या महिन्यांचे पैसे मागून कमी होत जाणार. बायपासनंतर टक्के वाढवून मागायला नवीन बोर्ड मागता येईल, पण ते नंतर, आधी हक्क मान्य करून घ्या.