भर दिवसा तारे बघून रस्ता सापडतो का?

प्रश्न: जीपीएस जॅम केलं तरी दिवसाढवळ्या ताऱ्यांवरून विमान, गाडी नेता येते असं वाचलं. पण दिवसा तारे दिसतात कुठे? इन्फ्रारेड दुर्बीण असं काय वेगळं करते?

उत्तर: तारे दिवसाही जागेवरच असतात, आड येतं ते उजळ आकाश. खोल विहिरीतून दिवसा तारे दिसतात असं आपण लहानपणी ऐकलेलं असतं, ते खरं नाही, कारण विहिरीच्या तोंडातून दिसणारा आभाळाचा तुकडा तेवढाच उजळ असतो. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात, त्यात निळा जास्त आणि तरंगलांबी वाढली की विखुरणं झपाट्यानं कमी होतं, ०.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी १.६ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात बघितलं तर साधारण १०० पट कमी. म्हणजे आकाश काळवंडतं, आणि गंमत अशी की तांबडे तारे उलट तिथेच जास्त चमकतात. डोळ्यांना व्याध सगळ्यात तेजस्वी, पण जवळच्या इन्फ्रारेडमध्ये मृग नक्षत्रातला काक्षी त्याला मागे टाकतो!

अमेरिकेच्या एसआर-७१ ब्लॅकबर्ड विमानात दिवसाही तारे पकडणारी यंत्रणा होती, पण ते २४ किलोमीटर उंचीवर उडायचं, तिथे हवा इतकी विरळ की आकाश जवळजवळ काळंच. जमिनीवरच्या गाडीला ती सोय नाही, म्हणून इन्फ्रारेड.

आता खरी मेख. तारा फक्त दिशा सांगतो, आपण कुठे आहोत ते कळायला "सरळ खाली" म्हणजे नेमकं कुठे हे माहीत लागतं, आणि धडधडणाऱ्या गाडीत तेच अवघड, मला तरी दुर्बिणीपेक्षा हेच जास्त कठीण वाटतं. अंशाचा ६० वा भाग चुकलात तर जमिनीवर जवळपास १.८५ किलोमीटरची चूक! घड्याळही अचूक हवं, कारण पृथ्वी फिरत असते, विषुववृत्तावर १ सेकंद चुकलं तर तुम्ही साधारण ४६५ मीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलात.

दाट ढगांपुढे मात्र इन्फ्रारेडचंही काही चालत नाही. त्यामुळे सोबत जायरोस्कोपवाली यंत्रणा ठेवतात, ती ढगाखाली गाडी कुठे वळली, किती सरकली याचा हिशोब ठेवते, पण तिची चूक वेळेबरोबर साचत जाते, मग ढगात जरा फट मिळाली की दोन-तीन तारे बघायचे आणि साचलेली चूक पुसायची.