बूट पिशवीतच राहिले

प्रिय चिमणे,

लीड्सला परतताना विमानात तू विचारलंस, "आई, आजीकडे तू रोज सकाळी पळायला गेलीस, मग आबांकडे एकदाही का नाही? तिथे कोणी नको म्हणालं?" मी म्हटलं, थंडी होती. थंडी तर आजीकडेही होती. तुला ते कळलं असणार, कारण पुढे तू काही विचारलंच नाहीस. तेच मला लागलं.

कोणी नको म्हणालं नव्हतं. हेच सांगायला जड जातंय.

फैजपूरला, आजीकडे, मी पहाटे निघायचे तेव्हा सातपुडा नुसता काळा पट्टा दिसायचा. दोन्ही बाजूंना केळी, पायाखाली मऊ काळी माती. शाळेत असताना याच वाटेने मी आप्पांचा डबा शेतात न्यायचे आणि चालत अशी कधी गेलेच नाही. फ्रॉकवर केळीच्या चिकाचे डाग पडायचे, ते कशानेही निघत नाहीत. आजी डागांवरून रागवायची, पळण्यावरून कधीच नाही. यंदाही वाटेत तिघांनी थांबवलं, पण "कधी आली?" एवढंच विचारायला.

मोठीआई, म्हणजे आजीची आई, मूळची फैजपूरचीच. १९३६च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. ते तिने वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. पुढे लग्न होऊन तापीपलीकडे गेली. मग माहेर आखाजीपुरतं, म्हणजे अक्षय्य तृतीयेपुरतं. भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला आला की यायची. साठीच्या मोठीआईला मी आखाजीच्या झोक्यावर उभी राहिलेली पाहिलंय. कडुनिंबाची फांदी करकरत होती, पदर खांद्यावर होता, डोकं उघडं. बाकीच्या बाया गौराईची गाणी म्हणत होत्या आणि ती झोका आणखी वर नेत होती. दोन दिवसांनी सासरी निघाली. वेशीपाशी आल्यावर तिचा हात आपोआप वर गेला आणि पदर डोक्यावर आला. तिलाही कोणी सांगितलं नव्हतं.

मला त्यात तेव्हा काही खटकलं नाही. माहेर म्हणजे जिथे पदर खाली येतो ती जागा, असंच वाटायचं. खरं सांगू, अजूनही ते मला सुंदर वाटतं. मग सगळ्याच जागा तशा का नाहीत, असं तू विचारशील. तिथे मी अडकते.

आबांच्या गावी, म्हणजे माझ्या सासरीही, मी रोज पहाटे जागी व्हायचे. गच्चीवरून पाट दिसतो. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी त्यातून फडात, म्हणजे सगळ्यांच्या शेतांच्या एका सलग पट्ट्यात जातं. आबांनी तुला दाखवलं होतं ना, एका फडात सगळ्यांचं पीक एकच आणि पाणी पाळीपाळीने. त्या पाटाच्या कडेने पळावं असं लग्न झाल्यापासून माझ्या मनात आहे. पण पारावर माणसं शेकत बसलेली असतात. कोणीतरी विचारणार, "हाई कोनी वहू शे?", ही कोणाची सून, आणि उत्तरात आबांचं नाव येणार. मी खाली उतरते आणि चहा टाकते.

याला तू भीती म्हणशील. थोडी आहेच. पण आबांना माझ्यामुळे कोणाला उत्तर द्यावं लागू नये, ही मायाही आहे, आणि ती खोटी नाही. फक्त, याचं आबांना काही वाटेल का, हे मी त्यांना चौदा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

निघताना माई बॅग भरत होत्या. बुटांची पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, "हे काढलेच नाहीत का गं?" मी काय बोलले ते आठवत नाही. त्या रागावल्या नव्हत्या, एवढं नक्की. फैजपूरची माती तळव्यांना तशीच होती, वाळलेली.

तू मोठी झालीस की कुठे कशी राहशील, ते तू ठरव. मोठीआईचा पदर मी तुझ्यावर टाकणार नाही, आणि तो झोका तुला आवडलाच पाहिजे असंही नाही. पुढच्या वेळी आबांकडे मी पहाटे उठणार आहे. तुला यायचं असलं तर रात्रीच सांगून ठेव, नसलं तर झोप. पाटाच्या मोरीपाशी कुत्री असतात, काठी घ्यावी लागेल. आबांना आधी विचारावं की नुसतं सांगून निघावं, ते माझं अजून ठरत नाहीये.

तुझी आई