चिनी शिक्षक, इंग्लंडचा वर्ग

प्रश्न : ताई, मी ट्रेनी टीचर आहे. २०१५ मधे बीबीसीने चिनी शिक्षकांना इंग्लंडच्या शाळेत शिकवायला आणलं होतं ना, तो प्रोग्रॅम नुकताच बघितला. पोरं अजिबात ऐकत नव्हती, तरी शेवटच्या टेस्टमधे चिनी शिक्षकांकडे शिकलेल्या मुलांनाच बाकीच्यांपेक्षा जास्त मार्क. मग क्लासरूम मॅनेजमेंट कोणाचं चांगलं? की चिनी मुलं मुळातच शांत असतात?

उत्तर : मुळात शांत वगैरे कुठलीच मुलं नसतात हो. हॅम्पशायरच्या बोहंट स्कूलमधे ५० मुलं एका वर्गात, पाच चिनी शिक्षक, चार आठवडे आणि रोजचा दिवस बारा तासांचा. एका मुलाने तर वर्गात चहा करायला इलेक्ट्रिक केटल आणली! शिक्षक कमी पडले असं खूप जण म्हणाले, मला नाही पटत, कारण शिक्षक आले पण त्यांच्यामागची सगळी व्यवस्था चीनमधेच राहिली.

तिकडे प्रत्येक वर्गाला एक बानझुरेन असतो, म्हणजे वर्गशिक्षक, बऱ्याचदा दोन-तीन वर्षं तोच, कोणाला कुठे बसवायचं, कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळं तो बघतो आणि आईवडिलांशी सतत बोलत असतो. मुलं आपल्याच वर्गात बसतात, शिक्षक बदलतात. तास सुरू झाला की मॉनिटर सगळ्यांना उभं करतो, वर्गाची झाडलोटही मुलंच पाळीपाळीने करतात. त्यामुळे गणिताच्या बाई आत येतात तेव्हा वर्ग आधीच तयार असतो. शांघायमधे तर गणिताचे शिक्षक दिवसाला साधारण दोनच तास घेतात, बाकी वेळ वह्या तपासायला, आणि ज्याला जमलं नाही त्याला त्याच दिवशी बोलवून समजवायला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण काही कळेनासं झालं की पोरगं दंगा करायला लागतं.

इंग्लंडमधे सेकंडरीची मुलं तासागणिक वर्ग बदलतात, म्हणजे प्रत्येक शिक्षकाला परत पहिल्यापासून सुरुवात. म्हणून दारात उभं राहून मुलांना आत घेणं, सीटिंग प्लॅन, लेखी बिहेवियर पॉलिसी, आधी वॉर्निंग मग डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं. यात एक चांगलं आहे, पुढे काय होणार हे मुलाला आधीच माहीत असतं. चीनमधे सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलतात ते मला खटकतं, लाजेने गप्प बसलेलं मूल प्रश्न विचारत नाही.

आणि मारण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे बंदी. ब्रिटनच्या सरकारी शाळांत १९८७ पासून, आणि चीनच्या मार्च २०२१ च्या नियमांत तर शिक्षा म्हणून वर्गात उभं करायचं तेही जास्तीत जास्त एका तासिकेपुरतं.

२०१६ मधे इंग्लंडने शांघायसारखं गणित शिकवायला ४ कोटी १० लाख पौंड जाहीर केले, तेव्हा घेतलं काय, तर छोट्या छोट्या पायऱ्यांनी अख्खा वर्ग सोबत नेण्याची पद्धत. बारा तासांचा दिवस नाही घेतला! तुम्हीही वह्यांपासूनच सुरुवात करा, दंगा करणाऱ्या दोघा-तिघांच्या वह्या आधी उघडून बघा, धडा नेमका कुठे सुटलाय ते सापडेल.