लहान विमान भाड्याने घेताना कुठलं स्वस्त पडतं? इंदूर की अमेरिका?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरला राहता, पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, हातात आलंय आणि तीन महिन्यांनी कंपनी दोन वर्षांसाठी डॅलसला पाठवते आहे. इथे दोन खुर्च्यांच्या सेस्ना १५२ चे ताशी १२,५०० रुपये सांगितले. तिकडून तीन आकडे आले: १५२ ताशी १३५ डॉलर, चार खुर्च्यांचं सेस्ना १७२ ताशी १६५ डॉलर, आणि सभासदांच्या एका क्लबात १७२ ताशी १३५ डॉलर, पण वर महिन्याला ९५ डॉलर वर्गणी. आईबाबांना एकदा तरी वर न्यायचंय. यात स्वस्त काय?

मी इंदूरलाच उडायला शिकले, नंतर तीन वर्षं टेक्सासात भाड्याची विमानं उडवली आणि आता पुन्हा रामबागेत राहते. दोन्हीकडची बिलं मी जपून ठेवली आहेत. त्यामुळे सांगते, हे चार आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळणार नाही, कारण चौघांचा तास एकसारखा नाही.

फोन करून पहिलं हेच विचारा, की तास कुठल्या मीटरवर मोजता. बहुतेक ठिकाणी हॉब्स मीटर असतो. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब आला की तो धावायला लागतो आणि इंजिन बंद होईपर्यंत थांबत नाही. तुम्ही धावपट्टीच्या तोंडाशी उभे असाल तरी तो तितक्याच वेगाने धावतो. काही जण टॅकोमीटरवरचा तास धरतात. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. क्रूझच्या, म्हणजे वर एकसारखं उडतानाच्या, फेऱ्यांना तो घड्याळाइतका पळतो, पण १,००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवताना, त्याचा वेग निम्म्याहून कमी होतो. एकाच उड्डाणाचे हॉब्सवर १.३ तास भरतात, तर टॅकवर १.१ किंवा त्याहूनही कमी. काही ठिकाणी, इथे इंदूरलाही मला तसंच मोजत, चॉक, म्हणजे चाकांना लावलेले ठोकळे, काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ धरतात. तो जवळपास हॉब्सइतकाच येतो.

आता तुमचेच आकडे घेऊन एक फेरी मांडू. डॅलसजवळची गावं अजून तुमच्या ओळखीची नाहीत, म्हणून माप आपलं घेते: इंदूरहून भोपाळ आणि परत. हवेतून एका बाजूला साधारण ९२ नॉटिकल मैल, म्हणजे १७० किलोमीटर. चढाई धरून १५२ चा सरासरी वेग ९५ नॉट (ताशी नॉटिकल मैल), १७२ चा ११० नॉट धरा. हवेत १५२ ला १.९ तास लागतात, १७२ ला १.७. दोन्हीकडचं टॅक्सी, रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची तपासणी), थांबणं मिळून जमिनीवर अर्धा तास. पहिल्याचा १५२ हॉब्सवर असेल तर २.४ तास गुणिले १३५, म्हणजे ३२४ डॉलर. दुसऱ्याचा १७२ टॅकवर असेल तर मीटर १.८ च्या आसपास थांबेल, म्हणजे २९७ डॉलर. ताशी ३० डॉलर महाग दिसणारं, चार खुर्च्यांचं विमान फेरीला २७ डॉलर स्वस्त पडलं. दोघंही हॉब्सवर असतील तर मात्र १७२ चे २.२ तास होतात, म्हणजे ३६३ डॉलर, आणि सगळं उलटं होतं. म्हणून मीटरचा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचं बोलणं नको.

या मीटरबद्दल मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त सांगायची आहे.

शिकत असताना एक सकाळ होती. बिजासनच्या टेकडीवर नुकतं ऊन आलं होतं आणि आम्ही होल्डिंग पॉइंटला, धावपट्टीआधी थांबायच्या रेषेवर, उभे होतो. तीन जेट उतरायची होती, दोन निघायची होती. सकाळच्या गर्दीत इंदूरला लहान विमानाचा नंबर शेवटी लागतो. शिवाय जेट उडालं की त्याच्या मागच्या भोवऱ्यासाठी आपल्याला दोन मिनिटं, आणि धावपट्टीच्या मधूनच निघत असू तर तीन मिनिटं थांबावं लागतं. हॉब्सच्या शेवटच्या चाकावर तासाचा दहावा भाग असतो, म्हणजे सहा मिनिटं. तो आकडा ४ वरून ५ वर सरकला, मग ६ अर्धा दिसायला लागला. बिल चॉकवर असलं तरी वेळ जवळपास तोच, म्हणून माझ्या डोक्यात गुणाकार चालू होता. ती फी बाबांच्या पीएफमधून जात होती.

मी रन-अप घाईत उरकला. प्लगना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात, ते एकेक करून तपासायचे. १,७०० आरपीएमला डाव्या मॅग्नेटोवर नेलं तेव्हा इंजिन जरा खडखडलं आणि फेऱ्या १५० च्या आसपास उतरल्या. १५२ मध्ये १२५ पेक्षा जास्त उतरायला नको. मी पटकन किल्ली 'बोथ'वर आणली आणि म्हणाले, "सर, चालेल." सर काही बोलले नाहीत. चेकलिस्टचं कार्ड उचललं आणि हॉब्स मीटरसमोर आडवं धरलं. मग म्हणाले, "अगं, हे मीटर ऑफिससाठी आहे. तुझ्यासाठी ते बंद आहे असं समज. आता पुन्हा कर."

पुन्हा केलं. स्पार्क प्लगवर शिसं साचलं होतं. लहान विमानांच्या पेट्रोलच्या, एव्हगॅस १०० एलएलच्या, नावात 'कमी शिसं' असलं तरी त्यात शिसं असतंच, आणि १५२ च्या लहान इंजिनात ते प्लगवर लवकर जमतं. मिक्स्चर पातळ करून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी करून, फेऱ्या वाढवल्या, थोडा वेळ इंजिन तापू दिलं, तेव्हा ते जळून गेलं आणि मॅग्नेटो सुधारला. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं वाचवून मी तशीच उडाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

तेव्हापासून सोय असेल तिथे मी टॅकवर मोजणारं विमान घेते, चार पैसे जास्त पडले तरी. जमिनीवर उभं राहायला जवळजवळ काही लागत नाही, मग घाईही होत नाही. आणि इथे इंदूरला चॉकच्या हिशेबावर उडायचं असेल तर पहिला स्लॉट मागा, किंवा जेटची गर्दी ओसरल्यावरचा. १२,५०० च्या दराने पंधरा मिनिटं थांबलं की ३,१२५ रुपये जातात. स्लॉट नीट निवडला तर दरात मिळेल त्याहून जास्त वाचतं.

पुढचा प्रश्न पेट्रोलचा. दर इंधनासकट आहे की इंधन वेगळं, म्हणजे वेट की ड्राय, हे लेखी घ्या. १५२ तासाला साधारण २३ लिटर पिते, १७२ तीस-पस्तीसच्या मध्ये. ड्राय दर ऐकायला फार गोड लागतो, पण त्यात हे लिटर मिळवायचे असतात. वेट दरातही एक अट असते: दुसऱ्या विमानतळावर टाकी भरली तर पैसे परत मिळतात, पण क्लबच्या घरच्या भावानेच. बाहेर महाग भरलंत तर वरचा फरक तुमचा. आपल्याकडे दर चढा असण्यात इंधनाचा वाटा मोठा आहे. एव्हगॅस आपण वर्षानुवर्षं परदेशातूनच आणत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत तयार केलेलं एव्हगॅस बाजारात आणलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यातलं काही पापुआ न्यू गिनीला निर्यातही झालं. आपल्या शेजारच्या राज्यात हे तेल बनतं याचं मला खरंच फार बरं वाटतं.

आगाऊ पैशांबद्दल मात्र सावध करते. दहा तासांचे एकदम भरा, दरात सूट देतो, असं सगळीकडे सांगतात. टेक्सासात एका ठिकाणी मी असेच भरले. दोन तास उडाले आणि विमानाचं इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला, गेलं. साडेचार महिने ते विमान हँगरमध्ये बिनइंजिनाचं उभं होतं, दुसरं विमान नव्हतं, आणि उरलेले पैसे मागायला मला सहा पत्रं लिहावी लागली. १७२ मधल्या लायकमिंग इंजिनाची ओव्हरहॉलची मर्यादा बहुधा २,००० तास असते, १५२ च्या इंजिनाची २,४००. त्यामुळे आता मी पैसे देण्याआधी विचारते, की मागच्या ओव्हरहॉलनंतर किती तास झाले. उत्तर १,९०० च्या पुढे असेल तर एकेका तासाचेच देते.

दुरुस्तीचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेत दर शंभर तासांची तपासणी तेव्हाच सक्तीची असते, जेव्हा विमान पैसे घेऊन माणसं नेतं किंवा शाळा विमान आणि शिक्षक दोन्ही पुरवते. नुसतं भाड्याने देणाऱ्याला वर्षाची एक तपासणी कायद्याने पुरते. अनेक चांगले मालक तरीही शंभर तासांची करतात. तुमच्या तीन ठिकाणांपैकी कोण करतं ते विचारा. जो करतो त्याचा दर पाच-दहा डॉलर जास्त असेल तर तो मी आनंदाने देईन.

विमा विचारायला आपण बिचकतो. क्लबचा विमा क्लबला वाचवतो, तुम्हाला वाचवेलच असं नाही. नुकसानीचा पहिला हिस्सा किती आणि तो कोण भरणार, हे विचारा. तिकडे भाड्याने उडवणाऱ्यासाठी वेगळी पॉलिसी मिळते. वर्षाचा हप्ता असतो, तो तुमच्या वर्षाच्या तासांत वाटून टाका. रात्रभर विमान बाहेर ठेवायचं असेल तर रोजचे किमान तास लागतात. शनिवारी जाऊन रविवारी आलात, उडालात अडीच तास, आणि किमान अट रोजची दोन तास असेल तर बिल चार तासांचं येतं.

आता तुमच्या तिसऱ्या पर्यायाकडे. १६५ आणि १३५ मध्ये फरक ३० डॉलरचा, वर्गणी ९५ ची. दोघांचं मीटर एकच असेल तर महिन्याला साधारण सव्वातीन तासांच्या वर उडालात की क्लब स्वस्त, त्याखाली दुसरा पर्याय. तुम्ही दोन वर्षं राहणार, नोकरी सांभाळणार, हिवाळ्यात हवा बिघडणार. मनात किती उडायचंय त्यावर हिशेब करू नका, दर महिन्याला खरोखर किती जमेल त्यावर करा. माझं पहिल्या वर्षी महिन्याला दोन तासही झालं नव्हतं. पण सभासदांच्या क्लबात एक फायदा असतो जो बिलावर दिसत नाही. तिथे जुने वैमानिक शनिवारी येऊन बसतात आणि कुठल्या धावपट्टीवर दुपारी आडवा वारा असतो ते आपणहून सांगतात. नवख्या देशात मला त्याचा फार आधार झाला.

आईबाबांना न्यायचं तर १५२ आपोआप बाद, तिथे दोनच खुर्च्या. १७२ मध्ये चार आहेत, पण भरल्या टाकीवर चार मोठी माणसं बहुतेक वेळा वजनात बसत नाहीत. तुम्ही तिघं व्यवस्थित बसाल, तरी प्रत्येक विमानाचं स्वतःचं वजनाचं पत्रक मागून हिशेब करा. उन्हाळ्यात विशेष जपा. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून १,८५० फुटांवर आहे, आणि मे महिन्यात ४२ अंशाला, हवा विरळ झाल्यामुळे, विमानाला ते साडेपाच हजार फुटांसारखं वाटतं. टेक्सासची दुपारही तशीच तापते. मी माझ्या आईला नोव्हेंबरात सकाळी नेलं. ती तासभर खिडकीला नाक लावून होती. अमेरिकेचा नियम असा, की प्रवासाच्या खर्चात तुमचा समान वाटा तुम्हाला भरावाच लागतो. आईबाबांकडून सगळे पैसे घेता येत नाहीत, तुम्ही सगळे भरले तर चालतात. प्रवासी नेण्याआधी मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत, त्यांचाही खर्च धरा.

आणि तिकडे पोचल्यावर लगेच उडता येणार नाही. आपल्या पीपीएलच्या आधारावर एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं) प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी एफएए आधी आपल्या डीजीसीएकडून, म्हणजे इथे लायसन्स देणाऱ्या खात्याकडून, लायसन्स खरं असल्याची खात्री करून घेते, आणि त्यात आठवडे जातात. मग प्रत्यक्ष कार्यालयात जायचं, मग शिक्षकासोबत फ्लाइट रिव्ह्यू (उजळणीची चाचणी), वर प्रत्येक भाड्याच्या ठिकाणी त्यांचा स्वतःचा चेकआउट, म्हणजे त्यांच्या विमानावरची पारख. शिक्षकाचे तास विमानाच्या दरात नसतात. पहिल्या महिन्याचं बिल यामुळे दुप्पट वाटेल, घाबरू नका.

तुमच्या जागी मी असते तर येते तीन महिने इंदूरलाच पंधरवड्याला एक तास १५२ उडवला असता, हात बसलेला राहावा एवढ्यापुरता. आपल्याकडे विमान नुसतं भाड्याने देणारे जवळजवळ नाहीतच, तास मिळतो तो फ्लाइंग क्लबात, त्यांच्या शिक्षकाच्या परवानगीने. त्यामुळे इथे दहा ठिकाणी तुलना करण्यात वेळ घालवू नका. तिकडे गेल्यावर पहिले दोन महिने १६५ वाल्याकडे, टॅकचं मीटर असेल तर. वहीत दर उड्डाणाला दोन्ही मीटरचे आकडे लिहा. महिन्याला सव्वातीन तासांहून जास्त खरंच होत आहेत असं दिसलं की क्लबची वर्गणी भरा. लायसन्सच्या खात्रीचा अर्ज मात्र याच आठवड्यात पाठवा, आणि लायसन्सवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतंय ना ते आधी बघा. माझ्या लायसन्सवर वडिलांचं नाव मधे होतं, पासपोर्टवर नव्हतं, आणि तेवढ्यासाठी सात आठवडे गेले.