दूध तोडलेल्या पिल्लांना एन्झाइम द्यावे का?

प्रश्न : डुकराची बारा पिल्ले दीड महिन्याची आहेत. दूध तोडून आठवडा झाला. मका भरडा, भाताचा कोंडा, सोयाबीन पेंड एकत्र शिजवून देतो. पातळ हगतात, खाल्लेले अंगी लागत नाही. दुकानदार एन्झाइम पावडर घ्या म्हणतो. घ्यावी का? (वराहपालक, सिंधुदुर्ग)

उत्तर : घ्या, पण चुलीवरच्या पातेल्यात टाकू नका. एन्झाइम म्हणजे अन्न पचवायला मदत करणारे प्रथिनच, उकळीत ते निकामी होते. खुराक पूर्ण गार झाल्यावर मिसळा. खरे तर मका आणि पेंड शिजवायची गरजच नाही. कोरडा भरडा द्या, शेजारी स्वच्छ पाणी ठेवा. हॉटेलचे खरकटे देत असाल तर ते मात्र चांगले उकळूनच द्या, नाहीतर स्वाइन फिव्हर घरात येईल.

दूध सुटले की पिल्लाच्या पोटातले पाचक रस काही दिवस कमी पडतात. त्यात धान्य, कोंडा, पेंडीतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवणारे फायटेज हे एन्झाइम डुकराच्या आतड्यात नावापुरतेच असते. म्हणून तुमच्या खुराकाला फायटेज आधी हवे. गव्हाचा कोंडा जास्त घालणाऱ्यांनी सोबत झायलनेज (कोंड्यातला तंतू फोडणारे एन्झाइम) असलेली पावडर पाहावी. नुसत्या मक्यावर तिचा फरक कमी दिसतो.

फायटेजचे प्रमाण साधारण किलो खुराकाला 500 युनिट. पाकिटावर ग्रॅमला 5000 युनिट लिहिले असेल, तर क्विंटलला फक्त 10 ग्रॅम. एवढीशी पावडर थेट ढिगात टाकली तर एका पिल्लाला सगळी, बाकीच्यांना काहीच नाही. आधी किलोभर मक्याच्या पिठात, मग दहा किलोत, मग सगळ्यात कालवा. चुनखडी वाजवीपेक्षा जास्त घालू नका, फायटेजचे काम मंदावते. उरलेले पाकीट घट्ट बांधून थंड, कोरड्या जागी ठेवा.

आता कोंड्याचे. गावच्या साध्या हलर गिरणीतल्या कोंड्यात तूस मिसळलेले असते. तुसावर कोणतेही एन्झाइम चालत नाही, ते पिल्लांना नकोच. पॉलिशचा कोंडा आणा, तोही बेताने आणि ताजा. आणि पेंडीऐवजी घरचे कच्चे सोयाबीन दळून घालत असाल तर हगवणीचे कारण तिथेच सापडेल. ते भाजल्याशिवाय पचत नाही.

सहा पिल्लांना पावडरीचा आणि सहांना बिनपावडरीचा खुराक द्या, दर आठवड्याला वजन करा. दोन्हीकडे हगवण तशीच राहिली, ताप आला किंवा रक्त दिसले तर पावडरीची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवा.