दूध-तूपही सोडून पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेतल्यास दीर्घकाळात काय परिणाम होतात?

आपण जळगावला राहता, दूध-तुपासह सारे प्राणिजन्य पदार्थ सोडायचे म्हणता आणि त्याचा शरीरावर व पर्यावरणावर पुढे काय परिणाम होईल, असे विचारता. मी यावल तालुक्यातला असून सात वर्षांपासून असाच आहार घेतो.

पर्यावरणाचे आधी सांगतो. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार मांस, दूध, अंडी व मत्स्यपालन यांसाठी सुमारे ८३ टक्के शेतजमीन लागते आणि त्यातून उष्मांक मात्र १८ टक्केच मिळतात. आपल्याकडची गुरे बरीचशी माणसाला न खाता येणाऱ्या कडब्यावर जगतात, त्यामुळे हा आकडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरी रवंथातून निघणारा मिथेन उरतोच. शिवाय पीक कोणते, हेही पाहावे लागते. केळीही वनस्पतीच आहे, पण तिच्यापायी आमच्या पट्ट्यातले बोअर किती खोल गेले ते आपण जाणताच. दादर ज्वारी मात्र रब्बीत काळ्या जमिनीतल्या ओलीवर निघते.

प्रथिनांची फार चिंता करू नये. आमच्या घरी तीन पायली ज्वारीत पायलीभर सालासकट उडीद आणि खडेमीठ घालून कळणा दळून आणतात. ज्वारीत कमी असलेले लायसिन उडीद पुरवतो व उडदातली मेथिओनिनची उणीव ज्वारी भरून काढते.

खरी अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची आहे. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत प्राणिजन्य पदार्थांतूनच पोहोचते. कळण्याच्या भाकरीत ते नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने सुरुवातीला सारे उत्तम वाटते. मला चौथ्या वर्षी पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या आणि चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळेना. नस दबली असावी असे समजून मी सहा महिने तेल चोळण्यात घालवले. रक्त तपासल्यावर कारण सापडले, इंजेक्शने झाली, आता गोळी चालू आहे. डाव्या अंगठ्याचा बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही.

‘एपिक-ऑक्सफर्ड’ या दीर्घकालीन ब्रिटिश अभ्यासात शाकाहारी लोकांत हृदयविकार २२ टक्के कमी, पक्षाघात मात्र २० टक्के अधिक आढळला, तर दूधही न घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्के जास्त होते. म्हणून हाडांना लागणाऱ्या कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, राजगिरा नेमाने खावा. हृदयाचा लाभही आपोआप मिळत नाही; शेवभाजीवरची तर्रीदेखील वनस्पतीजन्यच असते.

दूध सोडण्यापूर्वी बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी तपासून आकडे लिहून ठेवावेत व बी-१२ची गोळी डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासूनच घ्यावी. माझ्याकडे आधीचा आकडा नव्हता, त्यामुळे घसरण केव्हापासून सुरू झाली हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.