तिला केमिस्ट्री जमत नाही, हे कुणी ठरवलं?

कळव्याहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी दहावीत, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. सहामाहीत विज्ञान भाग 2 ला 40 पैकी 33, भाग 1 ला 17. जीवनप्रक्रियेचा धडा तोंडपाठ, आकृत्या सुबक. मूलद्रव्यांची आवर्त सारणी समोर आली की मात्र वही बंद. क्लासच्या सरांनी निकाल देऊन टाकला, ‘केमिस्ट्री जमत नाही, सायन्सच्या नादी लागू नका, कॉमर्सला टाका.’ वडील तुर्भ्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातात, आणि मुलीने या लाइनीत येऊच नये असं त्यांचं मत. घरात आजीला किडनीचा त्रास आहे, तिचे रिपोर्ट नातच वाचते. पत्राच्या तळाशी मुलीने पेन्सिलने एक ओळ लिहिलीय : ‘ऑक्सिजन नसला की एटीपी का कमी बनतात, ते पुस्तकात दिलेलं नाही.’ (एटीपी म्हणजे पेशीला लागणारी ऊर्जा पुरवणारे रेणू.)

ताई, नमस्कार.

आधी त्या 17 मार्कांचं बघू. भाग 1 म्हणजे केमिस्ट्री, असं सरांनी आणि तुम्हीही धरून चाललायत. त्या पुस्तकात दहा धडे आहेत. आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे हे चार रसायनशास्त्राचे. उरलेल्यांत गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, प्रकाशाचं अपवर्तन, भिंगं अशी भौतिकशास्त्राचीच गर्दी. सहामाहीला यातले जेवढे धडे होते, त्यात मार्क नेमके कुठे गेले हे उत्तरपत्रिका बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, क्लासच्या सरांनाही नाही. शाळेतून ती मागून घ्या. गणितं सोडवताना मार्क गेले असतील तर दुखणं फिजिक्सचं आहे, आणि त्याचा इलाज वेगळा.

आता पेन्सिलच्या ओळीबद्दल. ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तोच आहे. हे उत्तर तिलाच वाचायला द्या.

बाळा, ग्लुकोजचं विघटन, मग क्रेब चक्र, मग इलेक्ट्रॉन वहन साखळी, हे तुला पाठ आहे. साखळीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत जातात आणि त्या सरकण्यातूनच बहुतेक एटीपींची सोय होते. पण शेवटी ते इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यायला हवेत ना? ते ऑक्सिजन घेतो आणि त्याचं पाणी होतं. घेणारा नसला की मागची सगळी रांग तुंबते, गर्दीच्या वेळी ठाण्याच्या जिन्यावर पुढचा माणूस थांबला की होतं तशी. मग चालू राहतं ते फक्त पेशीद्रव्यातलं ग्लुकोज विघटन, आणि एका ग्लुकोजमागे हाती लागतात जेमतेम 2 एटीपी. पुस्तकात ऑक्सिश्वसनाचे 38 दिलेत. नव्या हिशेबाने तो आकडा 30-32 च्या आसपास येतो, पण पेपरात तू 38 च लिही.

आता पुढचा प्रश्न. शेवटी ऑक्सिजनच का? नायट्रोजन का नाही? हवेत तर तोच जास्त आहे. याचं उत्तर तू बंद केलेल्या वहीत आहे. ऑक्सिजनचा अणुअंक 8, इलेक्ट्रॉन संरूपण 2, 6. गण (सारणीतला उभा स्तंभ) 16, आवर्त (आडवी ओळ) 2. बाहेरच्या कवचात दोन जागा रिकाम्या, आणि अणू लहान असल्यामुळे केंद्रकाची ओढ जबरदस्त. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की ते सहजी कुणाचं काही घेत नाहीत. म्हणजे तू जो प्रश्न विचारलास, तो जीवशास्त्राच्या धड्यात उगवला आणि रसायनशास्त्राच्या धड्यात सुटला. केमिस्ट्री न जमणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडत नसतो.

आजीचा रिपोर्टही घे. इलेक्ट्रोलाइट्सखाली सोडिअम, पोटॅशिअम लिहिलेलं असेल. शेजारी प्रमाण मर्यादा : सोडिअमची साधारण 135 ते 145, पोटॅशिअमची 3.5 ते 5 च्या आसपास. दोघेही गण 1 मधले, एकाखाली एक, 2, 8, 1 आणि 2, 8, 8, 1. स्वभाव सारखा, पण शरीरात जागा उलट : सोडिअम मुख्यतः पेशीबाहेर, पोटॅशिअम पेशीच्या आत. पेशीचा पंप 3 सोडिअम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशिअम आत घेतो, त्यासाठी एक एटीपी खर्चून. किडनी थकली की जादा पोटॅशिअम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. आजीला डॉक्टरांनी नारळपाणी बंद केलं असेल, तर ते याचसाठी.

गंमत बघ. पोटॅशिअमचा आयन सोडिअमपेक्षा मोठा. गणात खाली जाताना आकार वाढतो, हे तुझ्या पुस्तकात आहे. तरी पेशीपटलात पोटॅशिअमसाठी जी वाट असते, तिच्यातून मोठा पोटॅशिअम आरामात जातो आणि छोटा सोडिअम अडतो. ही वाट कशी घडलेली असते ते शोधल्याबद्दल रॉडरिक मॅकिनन यांना 2003 मध्ये नोबेल मिळालं. कशासाठीचं, तर रसायनशास्त्राचं.

ताई, आता तुमच्याशी. आवर्त सारणी ही पाढ्यांसारखी म्हणून घ्यायची गोष्ट नाही. मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये ती मांडली तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती, आणि त्यांनी चक्क रिकाम्या जागा सोडल्या. 1875 मध्ये गॅलिअम आणि 1886 मध्ये जर्मेनिअम सापडलं, तेव्हा त्या जागांसाठी त्यांनी आधीच सांगून ठेवलेले गुणधर्म बऱ्याच अंशी जुळले. क्लासमध्ये मात्र पहिली वीस मूलद्रव्यं घडाघडा म्हणायला लावतात आणि ज्याला ती येत नाहीत तो ढ ठरतो. या पद्धतीबद्दल माझं मत फारसं बरं नाही, एवढंच म्हणतो.

कॉमर्स वाईट नाही. हिशेबात रस असलेल्या मुलीला मी स्वतः तिकडे पाठवतो. पण घाबरून जायची ती वाट नव्हे. शिवाय बारावी सायन्सनंतर कॉमर्सकडे वळता येतं, उलटं मात्र होत नाही. तिच्यासाठी मी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, म्हणजे पीसीबी, सुचवेन. गणित नको असेल तर सोडता येईल. फिजिक्स सुटणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. आणि केमिस्ट्री तर कुठेच सुटत नाही : मेडिकलच्या नीट परीक्षेत 180 प्रश्नांत केमिस्ट्रीचे 45, म्हणजे 720 पैकी 180 मार्क. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी गट चालतो, तिथेही केमिस्ट्री आहेच.

डॉक्टर होणार की नाही हे आत्ता ठरवू नका. रिपोर्ट वाचणाऱ्या मुलीला रिपोर्ट तयार करणारी पॅथॉलॉजी लॅब, डायलिसिस टेक्नॉलॉजी, फार्मसी, बायोकेमिस्ट्री अशा कितीतरी वाटा आहेत. ठाण्यात बांदोडकर कॉलेज आहे, माटुंग्याला आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कॅन्सरवर संशोधन चालतं, आणि तिथे पेशींवर काम करणाऱ्याला भाग 1 आणि भाग 2 अशी दोन्ही पुस्तकं लागतात. इंटिग्रेटेडच्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असल्याच्या नावाखाली कॉलेजला न जाता दोन वर्षं फक्त टेस्ट देत बसण्याच्या पॅकेजपासून तेवढं दूर राहा. प्रॅक्टिकल बुडालं तर या मुलीचं खरंच नुकसान होईल.

तिच्या बाबांची भीती मी समजू शकतो. प्लांटमधली रात्रपाळी, वास, गळती हे त्यांनी पाहिलंय. पण त्याच कंपनीत क्वालिटी कंट्रोलची लॅब असेल. तिथे काम करणाऱ्यांचं शिक्षण काय आणि त्यांचा दिवस कसा जातो, हे त्यांनी सहज विचारून मुलीला सांगावं. ती माहिती माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे.

अकरावीला पुस्तकं इंग्रजीत येतील, तेव्हा दहावीची परीक्षा झाली की दोन्ही भागांतल्या संज्ञा तिने इंग्रजीतून एकदा नजरेखालून घालाव्यात. उत्तरपत्रिका हातात आली की फोटो पाठवा. भिंगांच्या गणितांत अधिक-उण्याची चिन्हं चुकली असतील, तर तो आठवड्याभराचा अभ्यास आहे. कसा करायचा ते मी तिला लिहून कळवतो.